शुक्रवारचा माल

सोमवार, २ डिसेंबर

आज कारखान्याच्या किल्ल्या ताब्यात घेतल्या. एक सोडून सगळ्या.

मागच्या गोदामाची किल्ली स्टोअरकीपर भावेशकडेच राहील, असं दिनानाथराव म्हणाले. का, ते सांगितलं नाही. भावेश तीस-पस्तिशीचा आहे. केसांना तेल, बोलायला गोड. गोड बोलणाऱ्या स्टोअरकीपरवर मी आजवर कधी विश्वास ठेवलेला नाही आणि त्यात माझं कधी नुकसान झालेलं नाही.

बासष्टाव्या वर्षी पुन्हा नोकरी. बोईसरच्या याच इस्टेटीत रंगाच्या कारखान्यात तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली. दिनानाथराव तेव्हा प्लांट मॅनेजर होते. तीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे एकही खोटा रिपोर्ट मागितला नाही. म्हणून त्यांनी बोलावलं तेव्हा दुसऱ्यांदा विचार केला नाही. आता त्यांनी स्वतःचा छोटा कारखाना काढला आहे, सौर पॅनेलं जोडण्याचा. गुणवत्तेचं काम माझ्याकडे. माझी सही झाल्याशिवाय माल बाहेर जायचा नाही.

सरकारची नवी योजना आहे. डोंगरपाड्यांवर सौर पंप, शाळांना सौर वीज. अट अशी की पॅनेलं याच जिल्ह्यात जोडलेली हवीत आणि निम्म्याहून जास्त हात बायकांचे हवेत. परदेशातून तयार माल आणून बसवला तर काही मिळणार नाही. इथे उद्योग उभा राहावा, इथल्या माणसांना काम यावं, हा हेतू. हेतू चांगला आहे. चांगल्या हेतूच्या आडोशाला कोण बसलं आहे, ते मी आधी बघते.

मार्चअखेर सहाशे पॅनेलं द्यायची. दिली की नाव सरकारच्या यादीत, आणि तीन वर्षांचं काम. नाही दिली तर बायका घरी.

गुरुवार, ५ डिसेंबर

दहातली चार पॅनेलं नापास.

सेल म्हणजे पापडासारखी पातळ काळी चकती. अशा चकत्या तारेने एकमेकींना सोल्डर करायच्या, काचेवर मांडायच्या, वरखाली चिकट फिल्म घालून लॅमिनेटरमध्ये भाजायच्या. लॅमिनेटर म्हणजे दाब देणारी मोठी भट्टी. सोल्डर करताना हात जड पडला की सेलला तडा जातो.

मी विचारलं, "कोणी दाबलं?"

सोमी नावाची एक आहे, वाणगावच्या आतल्या पाड्यावरची. तीच काय ती बोलते. म्हणाली, "दाबलं नाय बाई. ते आपलंच मोडतं."

"वस्तू आपोआप मोडत नाही."

"मंग तुमच्या हातानं लावा एक."

बाकीच्या मान खाली घालून हसल्या. मी बसले. माझ्याही हातात मोडलं. सेलचा तो लॉटच खराब असावा.

एक गोष्ट चांगली आहे. भट्टीतून निघालेल्या पॅनेलला आंबूस वास येतो, व्हिनेगरसारखा. फिल्म नीट शिजली की येतो आणि दोन-तीन दिवस टिकतो. रंगाच्या कारखान्यात नाक तयार झालेलं आहे. मी प्रत्येक पॅनेलच्या कडेला नाक लावते. बायकांना त्याची गंमत वाटते. वाटू दे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

सुट्टी. माकुणसारला थोरल्या बहिणीकडे, वत्सलाताईकडे गेले. तिच्या वाडीत पानवेलीला पाणी देत बसलो होतो, तेवढ्यात ठाण्याहून भाचीचा फोन. "मावशी, आज शुक्रवारी रजा कशी? बरं नाही का?" वीस वर्षं सांगते आहे की तारापूर-बोईसरची इस्टेट शुक्रवारी बंद असते आणि रविवारी चालू. मुंबईकडच्या माणसांच्या डोक्यात हे शिरतच नाही. दर रविवारी जेवायला बोलावतात आणि मी येत नाही म्हणून रुसतात. दिनानाथरावांचंही बिऱ्हाड आता दादरला आहे, त्यामुळे रविवारी तेही नसतात. मालकाला चालतं.

वत्सलाताईला भावेशच्या किल्लीचं सांगितलं. ती म्हणाली, "मंगल, तू देवळात गेलीस तरी देवाचे दागिने खरे आहेत का ते बघशील."

"देव खरा असतो. दागिने करणारा सोनार असतो."

"आणि दिनानाथ कोण आहे?"

"तो माणूस मला माहीत आहे."

तिने पान लावून दिलं.

गुरुवार, १९ डिसेंबर

आज कागद घेऊन हिशेब मांडला. नापास वजा करून दिवसाला तीन-चार पॅनेलं होतात. मार्चअखेर तीनशे होतील, फार तर सव्वातीनशे. सहाशे कुठून येणार? मुलाला शाळेत घातलं आणि त्याच वर्षी दहावीला बसवलं, अशी ही योजना. काम शिकायला एक वर्ष लागतं. सरकारी वर्ष मात्र एकतीस मार्चला संपतं. तोवर खर्ची पडला नाही तर निधी परत.

दिनानाथरावांना कागद दाखवला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, रात्रपाळी सुरू करतो. कंत्राटदाराची मुलं येतील. भावेश बघेल. तुम्ही दिवसाचं बघा."

"रात्रीचा मालही मी तपासणार."

"तपासा की. सकाळी मागच्या गोदामातून बाहेर काढून ठेवतील."

भावेशच्या हाती रात्रपाळी, हे मला पसंत नाही. तसं सांगितलं. ते हसले.

सोमवार, ६ जानेवारी

रात्रपाळीचा पहिला माल आला. वीस पॅनेलं. सर्दीने नाक बंद आहे, डोळ्यांनीच तपासली. दिसायला देखणी. फ्रेमचे कोपरे आमच्यापेक्षा सफाईदार. बायकांना म्हटलं, बघा, रात्री डोळ्यांवर झोप असताना ती मुलं असं काम करतात.

सोमी म्हणाली, "बाई, सकाळी आमी येतो तवा मशीन गार असतं."

म्हणजे मुलं पहाटेच काम सोडून झोपतात. भावेशला बोलावून झाडलं. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पोलिसात असता तर बोईसरला कुलपाचं दुकान चाललं नसतं." हसत म्हणाला, पण नजर दरवाज्याकडे होती. तिथे दिनानाथराव उभे होते. मालकासमोर उघडा पडायची भीती वाटत असणार.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. बायकांनी तिळाचे लाडू आणले. घेतले. मग रात्रीचा माल तपासला.

वास नाही. एकाही पॅनेलला नाही. पुन्हा पुन्हा कडेला नाक लावलं. फिल्म कच्ची राहिली असेल तर दोन पावसाळ्यांत पाणी आत जाईल आणि पाड्यावरचा पंप बंद पडेल. सही केली नाही. सगळी पॅनेलं बाजूला ठेवली आणि सोमीला विचारलं, "हे असं कसं?"

"ती आमची नायत, बाई."

"तुमची नाहीत म्हणजे? एकाच कारखान्यातली ना? रात्रपाळीचं दिवसपाळीने झटकायचं आणि दिवसपाळीचं रात्रपाळीने?"

तिने टेस्टिंगच्या रूपालीकडे पाहिलं. रूपालीने मान हलवली. नाही, अशी. मी हे टिपून ठेवते आहे. या दोघींचं काहीतरी आहे.

संध्याकाळी दिनानाथराव बायकांशी पाच मिनिटं बोलले. मी गेटवर होते. उत्पादन वाढवण्याबद्दल बोलले असतील.

बुधवार, १५ जानेवारी

चमत्कार. काल बाजूला ठेवलेल्या पॅनेलांना आज वास येतो आहे, आणि चांगलाच. फिल्मला कधी कधी उशिरा वास सुटत असेल. तसं वाचलेलं नाही, पण वस्तू समोर आहे. सही केली.

त्या वासात मिरचीही होती. हिरवी. बायका पॅकिंगच्या टेबलावर चायनीज खातात, हे उघड आहे. रूपालीच्या दिराची सरावली नाक्यावर गाडी आहे. तिथून पुड्या येत असणार. फळ्यावर लिहिलं: "पॅकिंग विभागात चायनीज खाण्यास सक्त मनाई." बायकांनी ते वाचलं आणि पदर तोंडाला लावून बाहेर पळाल्या. शिस्तीचं हसू येणं ही या पिढीची खोड आहे.

गुरुवार, ३० जानेवारी

आज दिवसपाळीची दहातली नऊ पॅनेलं पास. कोणाला म्हटलं नाही, पण जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात न जाता त्यांच्यात जाऊन बसले.

सोमीच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. म्हणाली, मागच्या वर्षी या दिवसांत ती, नवरा चिंतू आणि दोन्ही पोरी भिवंडीकडे वीटभट्टीवर होते. दिवाळी झाली की जायचं, पावसाआधी परत. थोरलीची शाळा दर वर्षी अर्धी राहते.

"औंदा पयल्यांदा घर उघडं हाय आमचं. शेजारीण म्हनते, सोमे, तुला काय भट्टीवाल्यानं हाकलली का?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हनलं, मी आता उन्हाची भट्टी लावते."

सगळ्या हसल्या. मीही. मग तिने एकदम विचारलं, "बाई, सहाशे झाली नाय तर बंद होल का?"

"तुम्ही तुमचं काम नीट करा. बाकीचं बघायला मी आहे."

तिचं समाधान झालेलं दिसलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जसं काही मीच तिच्यापासून काही लपवते आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

रूपालीवर नजर ठेवून आहे. दिवसपाळीच्या पॅनेलांच्या विजेचे आकडे वरखाली होतात. एक जरा जास्त, एक जरा कमी. हाताने केलेल्या कामात ते व्हायचंच. रात्रपाळीची मात्र सगळी एका आईची लेकरं असल्यासारखी, फरक नावालासुद्धा नाही. म्हणजे रूपाली न तपासताच आकडे उतरवते.

तोंडावर विचारलं. चिडली. जळगावकडची आहे, मुलगी फटकळ. "मॅडम, तुम्ही उभ्या राहा आणि बघा." उभी राहिले. मशीनने तोच आकडा दाखवला. पुढच्यालाही तोच.

"मी चोर नाही," ती म्हणाली.

"मी चोर म्हटलं नाही."

"तुम्ही रोजच म्हणता. तोंडाने नाही म्हणत, एवढंच."

रात्रीची मुलं खरंच हुशार असतील तर त्यांच्यातली दोन दिवसा हवीत, असं दिनानाथरावांना म्हटलं. ते म्हणाले, बघू.

रविवार, २३ फेब्रुवारी

हे लिहिते आहे ती रागाने.

बायकांना होळीची सुट्टी हवी. पाड्यावरच्या माणसाला दिवाळी एकवेळ चुकली तरी चालते, होळी नाही. किती दिवस द्यायचे ते ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढून टेबलावर पसरलं. शेजारी रात्रपाळीची पॅनेलं होती, पाठी वर करून ठेवलेली. पाठीला लेबल असतं आणि त्यावरच्या नंबरात बनवल्याची तारीख असते. लेबलं गोदामात लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे माझं कधी लक्ष नसतं. आज सहज नजर गेली. चौदा फेब्रुवारी. कॅलेंडरवर बघितलं. शुक्रवार.

दुसरं पाहिलं. सात फेब्रुवारी, शुक्रवार. एकतीस जानेवारी, शुक्रवार. मग सगळीच पाहिली. रविवारची तारीख एकाही पॅनेलवर नाही.

गुरुवारी संध्याकाळी इस्टेट बंद होते ती शनिवारी सकाळी उघडते. शुक्रवारी आमच्या गेटला कुलूप असतं. ही पॅनेलं इथे बनलेलीच नाहीत. लेबलं ज्याने छापली त्याच्याकडे रविवारी सुट्टी असते. बोईसर त्याने पाहिलेलं नाही.

भावेश. रात्रपाळी म्हणून कोणी येतच नव्हतं. आमच्या वाट्याचे सेल आणि काच हा बाहेर विकतो आणि परदेशी तयार माल आणून आमची लेबलं चिकटवतो. मागची किल्ली त्याच्याकडे का, ते आता कळलं. आणि दिनानाथराव बिचारे रविवारी दादरला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दिनानाथराव दहाला आले. दार लावून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. धक्का बसला होता. मग विचारलं, "आणखी कोणाला बोललात?"

"कोणाला नाही. आधी तुम्हाला."

"बरं केलंत. लेबलं आता निघायची नाहीत, फाटतात. नंबरही सरकारी कचेरीत कळवून झाले आहेत. भावेशला मी सुट्टीवर पाठवतो. बाकीचं मी बघतो, ताई. फक्त मार्चमधली सरकारी तपासणी होईपर्यंत वाच्यता नको. बायका घाबरतील."

मी म्हटलं, तो माल वेगळा काढा. तूट आम्ही भरून काढू. जेवढी भरेल तेवढी.

त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "शुक्रवारीही कारखाना चालवू या. गेटवर मी सांगून ठेवतो. या आठवड्यापासूनच."

मी ज्या माणसाला ओळखत होते तो हाच. संकट आलं की पहिला विचार कामाचा.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पहिला शुक्रवार. सगळी इस्टेट चिडीचूप, आमच्याच शेडमध्ये दिवे. वॉचमनला दिनानाथरावांनी दोनदा बजावलं, कोणी विचारलं तर सांग, आमचा कारखाना शुक्रवारी चालतो. एवढं कशाला सांगायचं ते कळलं नाही. उत्साह असेल.

बायका कुरकुर न करता आल्या. सात पॅनेलं झाली, सातही पास. कडेला नाक लावलं. आंबूस, मिरची नाही. नोटीस लागू पडली.

शनिवार, ८ मार्च

काल दुसरा शुक्रवार झाला. आज महिला दिन. दिनानाथरावांनी प्रत्येकीला गुलाबाचं फूल दिलं, फोटो काढला. वेगळा काढायला सांगितलेला माल अजून मागच्या गोदामातच आहे. विचारलं तर म्हणाले, तपासणी होऊ द्या. भावेश सुट्टीवरच. त्याला पोलिसात का देत नाहीत, हे मी दोनदा विचारलं.

सोमीने फूल डब्याच्या पिशवीत घातलं. म्हणाली, "बाई, तपासणीचा साहेब बुधवारी येतो ना? मंग आमी होळीला जाऊ पगार घेऊन."

बुधवार, १२ मार्च

सगळं लिहिते. नाही तर उद्या मी स्वतःच काही वेगळं समजून बसेन.

तपासणीचे साहेब अकराला आले. पन्नाशीचे, थकलेले. मार्चमध्ये त्यांना अशा किती ठिकाणी जायचं असेल. पॅनेलं शेडमध्ये रचलेली होती. सगळी. आमची आणि ती, एकत्र. मी दिनानाथरावांकडे पाहिलं. ते साहेबांना चहा देत होते.

साहेबांनी दोन-चार लेबलं वाचली. मग म्हणाले, "चौदा फेब्रुवारी. हा शुक्रवार दिसतो. तुमच्या इस्टेटीला शुक्रवारी सुट्टी ना? माझे साडू इथेच असतात."

"आम्ही शुक्रवारीही चालवतो, साहेब," दिनानाथराव म्हणाले. "काम जास्त आहे. गेटवर विचारा. मागच्याच शुक्रवारी सगळ्या बायका होत्या. ताई स्वतः होत्या. सांगा ना, ताई."

सगळे माझ्याकडे वळले.

मी होते. मागच्या शुक्रवारी मी होते, ते खरं होतं. तो शुक्रवार मीच त्यांच्या हातात दिला होता. तारखा खोट्या आहेत, हे मी सांगितलं आणि त्यांनी त्या खऱ्या ठरवायची सोय केली. वॉचमनला काय बजावलं होतं, ते आठवलं. संक्रांतीच्या संध्याकाळी ते बायकांशी काय बोलले असतील, ते आठवायची गरज उरली नाही. सोमीचं तोंड समोर होतं.

त्यांना माझ्याकडून खोटं नको होतं. तीस वर्षांत कधीच नको होतं. माझ्याकडचं खरं तेवढं पुरत होतं.

मी म्हटलं, "दोन शुक्रवार. अठ्ठावीस फेब्रुवारी आणि सात मार्च. त्याआधी एकही नाही."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, विचार करून बोला. हा माल अडला तर एकतीस तारखेला निधी परत जाईल. मग अर्ध्या पाड्यांना पंप नाहीत आणि या कारखान्याचं नाव यादीत नाही. विचार केलाय?"

"केलाय," मी म्हटलं. केला नव्हता.

मग सोमी पुढे आली. साहेबांकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाली, "होळी झाल्यावर बोलला असता तर चाललं नसतं का, बाई?"

होळी उद्यावर होती.

सोमीने पदर खोचला. मग वळली, एका थप्पीतलं पॅनेल दोन्ही हातांनी उचललं आणि भिंतीशी नेऊन ठेवलं. "हे आमचं." दुसरं उचललं. रूपालीने दुसरी बाजू धरली. मग सगळ्याच उठल्या. कोणी लेबल वाचलं नाही, कोणी वास घेतला नाही. भिंतीशी तीनशेला थोडी कमी पॅनेलं उभी राहिली. उरलेली मध्ये पडून होती, चकचकीत, सारखी.

साहेब म्हणाले, भिंतीशी आहेत तेवढीच घेतो. यादीचं सहा महिन्यांनी, फेरतपासणी झाल्यावर. आणि गेले.

दिनानाथराव ऑफिसात बसून होते. म्हणाले, "पुढच्या वर्षी सहाशेच्या सहाशे आपली झाली असती, ताई. मूल चालायला लागेपर्यंत कोणाचा तरी हात धरावा लागतो. या बायका चालायला लागल्याच होत्या, तुम्हीच सांगत होतात. सरकारने अट घातली, वेळ दिला नाही. मी काय करायचं होतं?"

"आमची जेवढी झाली तेवढी दाखवायची."

"आणि बंद करायचं?"

मी उठले. पण किल्ल्या परत दिल्या नाहीत. त्यांनीही मागितल्या नाहीत.

निघताना रूपाली मागून आली. "मॅडम, ते चायनीज कोणी खाल्लं नव्हतं. दिराच्या गाडीवरची व्हिनेगरची बाटली आणून फडक्याने पुसलं होतं आम्ही. त्यात मिरच्या असतात, ते लक्षात आलं नाही. तुम्ही माल अडवला असता तर सगळ्या घरी, असं दिनानाथसाहेब म्हणाले होते."

"मला सांगायचं."

"सोमीने सांगितलं होतं. दोनदा."

शनिवार, १५ मार्च

काल धुळवड आणि शुक्रवार एकाच दिवशी. आज कारखान्यात मी आणि वॉचमन. दुपारी भावेश आला. मागच्या गोदामाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली.

"घ्या, मॅडम. आता आत काही नाही."

मी म्हटलं, "तुमच्याबद्दल माझा गैरसमज झाला होता."

"अर्धाच झाला होता," तो म्हणाला. "टेम्पो उतरवायला मीच असायचो. घरी दोन मुलं आहेत, काय करणार?" मग हसला. "तुम्ही रोज मला झाडायचात ना, त्याने बरं वाटायचं. वाटायचं, एकदा तरी बरोबर गोष्टीसाठी झाडतील."

हा माणूस गोड बोलतो, हे माझं मत मी अजून बदललेलं नाही.

पुढच्या महिन्यापासून अर्धीच पाळी. होळीनंतर किती बायका परततील, माहीत नाही. भट्ट्यांचा हंगाम अजून दोन महिने आहे. मुकादम होळीलाच पाड्यावर येऊन उचल देतात, असं ऐकलं आहे.

शुक्रवार, २८ मार्च

माकुणसारला गेले नाही. वाणगावला उतरून रिक्षाने आत सोमीच्या पाड्यावर गेले. ती होळीपासून कामावर आलेली नाही. घराला कुलूप असेल आणि मला ते बघून यावं लागेल, अशी तयारी करून गेले होते.

घर उघडं होतं. अंगणात चिंतू मोहाची फुलं वाळत घालत होता. मला बघून आत हाक मारली, "सोमे, तुझी नाकवाली बाई आली."

सोमी बाहेर आली. हसली नाही, पण खाट टाकली. मुकादम आला होता, म्हणाली. उचल घेतली नाही. "पोरीची परीक्षा हाय. ती झाली की बघू. एकाला तुमच्याकडं अर्धी पाळी, एकाला भट्टी, असं बी होल."

"कामावर का आली नाहीस?"

"तुमचा राग आला व्हता."

"अजून आहे?"

"हाय थोडा."

मग मला शाळेकडे घेऊन गेली. दोन खोल्यांची शाळा, पत्र्यावर चार पॅनेलं. मार्चअखेर गाठायला परवाच बसवून गेले, म्हणाली. आत पंखा फिरत होता, पोरं त्याच्याखाली परीक्षेचा अभ्यास सोडून नुसती वर बघत बसली होती. मी पत्र्याजवळ जाऊन उभी राहिले आणि सवयीने नाक वर केलं. काही नाही. भट्टीतून निघून बरेच दिवस झालेले, वास केव्हाच गेलेला.

"वास घेता काय, बाई?" सोमी मागून म्हणाली. "आमचंच हाय ते."

मधल्या थप्पीतलं काही रात्रीतून भिंतीशी सरकलं असेल का, हा विचार मनात आला. येणारच. त्या साहेबांनाही आकडे पुरे करायचे होते, बसवणाऱ्यालाही, आणि मोजायला मी तिथे नव्हते. लेबल पाठीला असतं. ते बघायचं तर शिडी लागली असती.

शिडी तिथेच होती, भिंतीला टेकलेली.

सोमीने घरी नेऊन कोरा चहा दिला. तो प्यायले आणि पाचच्या गाडीने परत आले.